कृष्णेच्या मुखाशी दिसलेला निळा डाग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीकरांना हे आकडे पाठ असतात. पूर आला की शाळकरी पोरंसुद्धा क्युसेक आणि टीएमसीत बोलायला लागतात. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, हे रिक्षात बसल्या बसल्या ऐकायला मिळतं. गावभाग या सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या काही भिंतींवर त्या पाण्याची रेघ पुढे कित्येक महिने दिसत होती.

तीनेक वर्षांनी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या माझ्या वर्गात त्याच भागातला एक मुलगा होता. प्रकल्पाचा विषय ठरवायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमच्या घरातनं गेलेलं पाणी शेवटी समुद्रात पोचलंच असणार. मग ते तिथं दिसायला पाहिजे की."

"दिसणार कसं?"

"पाणी गोडं आहे. खाऱ्यात गोडं पडलं तर खारेपणा कमी होणार. आणि समुद्राचा खारेपणा उपग्रह मोजतात, हे तुम्हीच शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालत आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्रावरून वर गेलेली वाफ घाटमाथ्यावर पाऊस होऊन पडते आणि दुसऱ्याच समुद्रात जाऊन पोचते. एका समुद्रातून गोडं पाणी काढून दुसऱ्यात ओतायचं काम आपली नदी करते, हे फळ्यावर काढून दाखवताना मला स्वतःलाही दर वेळी नवल वाटतं. त्यामुळे मुलाचा प्रश्न मनापासून आवडला, आणि चार जणांच्या गटाने तोच विषय घेतला.

पुढे जे झालं त्याचं हे टिपण. आम्हाला जे हवं होतं ते नकाशावर दिसलं, तीन आठवडे आम्ही त्यावर खूश होतो, आणि ते खोटं निघालं. हाच मोफत डेटा उतरवून आता ठिकठिकाणची मुलं प्रकल्प करतात. रंगीत नकाशा समोर आला की विश्वास चटकन बसतो. म्हणून ही हकीकत पूर्ण लिहायची ठरवली.

उपग्रहाला खारेपणा कळतो कसा

समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता मोजणारे उपग्रह आजवर मोजकेच झाले. युरोपीय अवकाश संस्थेचा स्मॉस नोव्हेंबर २००९ मध्ये गेला. अमेरिका आणि अर्जेंटिना यांचा ॲक्वेरियस जून २०११ मध्ये गेला आणि जून २०१५ मध्ये बंद पडला. नासाचा स्मॅप जानेवारी २०१५ मध्ये गेला. यातला स्मॅप मुळात जमिनीतला ओलावा मोजण्यासाठी बनवलेला. समुद्राची क्षारता ही त्याची जोडकमाई. आम्ही त्याचीच मोजमापं वापरली. या प्रकरणात त्याच्या मूळ कामाला पुढे फार महत्त्व आलं.

कुठलाही उपग्रह मिठाची चव घेत नाही. तो समुद्रातून आपोआप बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतो. वारंवारता सुमारे १.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे २१ सेंटिमीटरची लहर. याला एल-बँड म्हणतात. नारायणगावजवळ खोडदला जी मोठी दुर्बीण आहे, तीही आकाशातल्या हायड्रोजनची हीच २१ सेंटिमीटरची लहर ऐकू शकते. रेडिओ खगोलशास्त्रासाठी हा पट्टा जगभर राखून ठेवलेला आहे, त्यात कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा नियम आहे. तो पट्टा शांत असल्याचा फायदा क्षारता मोजणाऱ्यांनाही मिळतो. नियम मोडणारे रडार आणि प्रक्षेपक अर्थात आहेतच, आणि स्मॉस वर गेल्यावर ते किती आहेत हे कळलं.

आता मिठाचा संबंध. समुद्राचं पाणी ३०० केल्विनच्या (म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसच्या) आसपास असलं, तरी एल-बँडमध्ये ते साधारण १०० केल्विनच्या वस्तूइतकंच उजळ दिसतं. कारण पाण्याचा पृष्ठभाग या लहरींना आरशासारखा आहे: वरून आलेलं बरंचसं परतवतो आणि आतलं बाहेर कमी सोडतो. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त सहज वाहते, आरसा आणखी चांगला होतो आणि बाहेर पडणारी लहर आणखी मंद होते. म्हणजे खारं पाणी मंद, गोडं पाणी थोडं उजळ. या उजळपणाला ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतात आणि ते केल्विनमध्ये मोजतात.

फरक किती? उबदार समुद्रात क्षारतेच्या एका एककाला सुमारे पाऊण केल्विन. एक एकक म्हणजे किलोभर पाण्यात साधारण एक ग्रॅम क्षार; जगातल्या समुद्रांची सरासरी ३५ च्या आसपास. गोठण्याजवळच्या थंड पाण्यात हाच फरक पाव केल्विनवर येतो, म्हणून ध्रुवांजवळ हे मोजमाप फार अवघड आहे. आपला उपसागर उबदार, ही आमची सोय. तरी हवामानाच्या कामाला क्षारता ०.१ ते ०.२ एककांपर्यंत बरोबर लागते. म्हणजे १०० केल्विनच्या आवाजात एक दशांश केल्विनची कुजबूज ऐकायची.

आणि मध्ये गोंगाट किती! वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की आरसा बिघडतो आणि उजळपणा वाढतो. दर सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे साधारण पाव केल्विन. आकाशगंगेचा स्वतःचा २१ सेंटिमीटरचा उजेड समुद्रावर पडून परावर्तित होतो, तो वजा करावा लागतो. सूर्याचाही करावा लागतो. लहर वर जाताना आयनांबरात तिच्या कंपनाची दिशा थोडी पिळवटते. ॲक्वेरियसवर वारा मोजायला खास रडार होतं. स्मॅपवरही रडार होतं, पण ते जुलै २०१५ मध्येच निकामी झालं आणि उरलं फक्त ऐकणारं यंत्र, त्याच्या ६ मीटर व्यासाच्या फिरत्या जाळीदार ॲंटेनासह.

या यादीकडे मुलांनी तेव्हा नीट पाहिलं असतं तर एक गोष्ट लगेच लक्षात आली असती. वारा, घुसखोर प्रक्षेपक, आकाशगंगा, सगळेच उजळपणा वाढवतात. आणि उजळ म्हणजे गोडं. एखादी दुरुस्ती अपुरी राहिली, तर समुद्र आहे त्याहून गोडा दिसतो. आम्ही शोधत होतो तेही गोडं पाणीच. मलाही हे तेव्हा सुचलं नाही.

डाग

मुलांनी ऑगस्ट २०१९ च्या आठ-आठ दिवसांच्या सरासरीचे नकाशे काढले. रंग ठरलेले: खारं लाल, गोडं निळं. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या नकाशात आंध्रच्या किनाऱ्याला चिकटून, बरोबर कृष्णेच्या मुखाशी, गडद निळा डाग होता.

वेळ जुळत होती. सांगलीतला पूर ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला. ते पाणी अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं भरत खाली गेलं आणि महिन्याच्या मध्यावर विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यातून समुद्राकडे सुटलं. डाग त्यानंतर लगेच. पुराआधीच्या जुलैशी तुलना करावी म्हटलं, तर स्मॅप त्या वर्षी जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत बिघाडामुळे बंद होता. मुलांनी तो महिना सोडून दिला आणि पुढे गेली. मी अडवलं नाही.

उलट मी त्यांना एक गणित करायला लावलं, आणि त्याने आमचा विश्वास आणखी पक्का झाला. कोयना धरण पूर्ण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३ घन किलोमीटर पाणी. स्मॅपला एका वेळी समुद्राचा जो ठिपका दिसतो, तो साधारण ४० किलोमीटरचा. ४० बाय ४० म्हणजे १६०० चौरस किलोमीटर. अख्खी कोयना एका ठिपक्यावर पसरली तर थर होतो १.८६ मीटरचा. तो वरच्या १० मीटर समुद्रात मिसळला तर ३३ ची क्षारता २८ च्या खाली येते. पाच एककांचा फरक! उपग्रहाला हा न दिसणं शक्यच नाही. पाणी दहा ठिपक्यांवर पसरलं तरी ०.६ चा फरक उरतो. तीस ठिपक्यांवर गेलं, की मात्र ०.२ वर येऊन ते गोंगाटात बुडतं.

गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण ते एवढंच सांगत होतं की असा डाग दिसू शकतो. दिसलेला डाग तोच आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. हा फरक मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि त्या तीन आठवड्यांत स्वतःच विसरले होते.

चांगल्या रानातलं पाकीट

गटातली एक मुलगी वाळवा तालुक्यातली. तिच्या वडिलांची दीड एकर जमीन उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली. सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या गावांत हे दुखणं जुनं आहे: पाणी जास्त, निचरा कमी, क्षार वर येतात, पांढरा थर धरतो आणि ऊस पिवळा पडतो. माती परीक्षणाला जाऊन जाऊन तिच्या घरी ईसी हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा झालाय. ईसी म्हणजे मातीच्या अर्काची विद्युतवाहकता. ती ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. समुद्राच्या पाण्याची असते साधारण ५०. गंमत म्हणजे समुद्रात सोडलेल्या तरंगत्या यंत्रांतही क्षारता विद्युतवाहकतेवरूनच काढतात. शेताचा आणि समुद्राचा मीटर एकाच जातीचा.

तिने घरी नकाशा दाखवला. वडिलांना उपग्रहाबद्दल फार काही सांगता आलं नाही तिला, पण निळा डाग म्हणजे कमी खारं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, "चांगल्या रानातलं पाकीट कुठंय?"

दुसऱ्या दिवशी तिने मला हे समजावून सांगितलं. खराब रानातल्या मातीचं एकच पाकीट परीक्षणाला द्यायचं नसतं. शेजारच्या, जिथे ऊस चांगला आहे त्या रानातलंही द्यायचं. दोन्हींत तोच आकडा आला, तर पीक जळण्याचं कारण क्षार नाही, दुसरंच काहीतरी आहे. "मॅडम, आपण पूर असतानाचंच पाकीट घेतलंय. पूर नसतानाचं बघूया की."

इतकी साधी गोष्ट. पण कुठला काळ घ्यायचा? ज्या वेळी कृष्णेच्या मुखातून समुद्रात काहीही जात नव्हतं याची पक्की खात्री आहे, असा महिना हवा. मुलांनी फार विचार केला नाही. एप्रिल २०१६. तो महिना आमच्याकडे कुणी विसरणार नाही: लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून तिकडे गेलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. नदीचं पाणी आगगाडीने न्यावं लागत होतं, त्या एप्रिलमध्ये विजयवाड्याच्या खाली समुद्राकडे काय जाणार होतं?

नकाशा काढला. डाग तिथेच होता.

ऑगस्टइतका गडद नव्हता, पण जागा तीच, आकार तोच, किनाऱ्याला तसाच चिकटलेला. एप्रिल २०१७ काढला, २०१८ काढला. तोच. मग मुलांनी किनाऱ्यावरून वर-खाली सरकत बघितलं, जिथे मोठी नदी नाही तिथेही किनाऱ्यालगत निळी किनार होती. कृष्णेच्या मुखाशी किनारा समुद्रात पुढे आलेला आहे, त्रिभुज प्रदेशाचं टोक बाहेर डोकावतं, म्हणून तिथे किनार जाड होऊन डागासारखी दिसत होती, इतकंच.

गावभागातला मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

जमीन समुद्रात सांडते

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते फाइलमध्येच लिहिलेलं होतं. नकाशातल्या प्रत्येक चौकोनाच्या क्षारतेसोबत त्या मोजमापात जमिनीचा वाटा किती, हाही आकडा दिलेला असतो. मर्यादेच्या पलीकडचे चौकोन वगळायचे, असं मार्गदर्शिकेत सांगितलेलं आहे. ते वगळले तर किनाऱ्यालगत नकाशा पांढरा, रिकामा दिसतो. आम्हाला नेमकं किनाऱ्यालगतच बघायचं होतं, म्हणून मुलांनी ती चाळणी काढून टाकली होती. मला विचारून.

ॲंटेना ४० किलोमीटरचा ठिपका बघतो म्हणजे त्याच्या कडेला सुरी मारल्यासारखी हद्द नसते. बॅटरीचा झोत भिंतीवर टाकला की मधल्या गोलाभोवती मंद उजेड पसरलेला असतो, तसंच आहे हे. समुद्रावरच्या ठिपक्याच्या त्या मंद कडेत किनाऱ्याची जमीन येते. आणि जमीन एल-बँडमध्ये समुद्रापेक्षा कितीतरी उजळ, धरा २६० केल्विन. समुद्र १००. फरक १६०. जमिनीचा वाटा फक्त एक टक्का असला, तरी १.६ केल्विन जास्तीचे मिळतात. पाऊण केल्विनला एक एकक, म्हणजे क्षारता दोन एककांहून जास्त कमी दिसते. एक टक्का जमीन आणि दोन एककांचं खोटं गोडं पाणी!

हा परिणाम मोजमाप तयार करणाऱ्यांना माहीत नाही असं नाही. स्मॅपच्या त्याच लहरींवरून अमेरिकेतल्या दोन संस्था स्वतंत्रपणे क्षारता काढतात: पॅसाडिनाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आणि सांता रोझाची रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स. दोघीही जमिनीचा वाटा वजा करतात, पण वेगवेगळ्या पद्धतीने. मी मुलांना दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवायला सांगितलं. खोल समुद्रात दोघींचं छान जुळतं. किनाऱ्याकडे येता येता फाटत जातं. हे फाटणं जिथे सुरू होतं, तिथे उपग्रहाचा अधिकार संपतो असं मी आता धरते. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी मला तो फार उपयोगी वाटतो.

मग एका मुलाने तोडगा सुचवला, आणि तो वरवर पाहता अगदी बरोबर वाटतो. जमिनीची चूक एप्रिलमध्येही आहे आणि ऑगस्टमध्येही. मग ऑगस्टमधून एप्रिल वजा करा. चूक चुकीत जाईल, उरेल ती कृष्णा. ऑगस्टचा डाग जास्त गडद होता, हे तर आम्ही पाहिलंच होतं.

या एका वाक्यावर आमची जवळजवळ दोन तासिका चर्चा झाली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग तोच. वजाबाकी तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही वेळची चूक सारखी असते. एप्रिलमध्ये कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातली जमीन तापलेली, कोरडी. ऑगस्टमध्ये तिथे भाताची लावणी झालेली असते, खाचरं पाण्याने भरलेली. ओली जमीन एल-बँडमध्ये कोरड्या जमिनीपेक्षा बरीच मंद दिसते. स्मॅप बनवला तोच या गुणावर: जमिनीचा मंदपणा मोजायचा आणि त्यावरून ओलावा काढायचा! म्हणजे ज्यासाठी हा उपग्रह आहे, तोच गुण आमच्या वजाबाकीला सुरुंग लावत होता. ऑगस्टमध्ये समुद्रात सांडणारा जमिनीचा उजेड एप्रिलपेक्षा वेगळा, आणि किती वेगळा हे त्या वर्षी किती खाचरं भरली होती यावर अवलंबून.

त्यात आणखी दोन गोष्टी. ऑगस्टमध्ये मान्सूनचा वारा जोरात असतो, एप्रिलमध्ये नसतो. वाऱ्याची दुरुस्ती जरा कमी-जास्त झाली तरी फरक पडतो. आणि थोडं उत्तरेला गोदावरीचं मुख आहे. गोदावरी कृष्णेपेक्षा किती तरी जास्त पाणी आणते. ४० किलोमीटरच्या ठिपक्यांत त्या दोघींचं पाणी वेगळं ओळखायला समुद्रात काही खूण नसते.

तेव्हा ऑगस्टच्या जादा निळ्यात कृष्णेचं पाणी नव्हतं, असंही आम्हाला म्हणता येत नाही. असणारच थोडंफार. पण त्यातलं कृष्णेचं किती, गोदावरीचं किती, उपसागरावरच पडलेल्या पावसाचं किती आणि खाचरांचं किती, हे सुटं करता येत नाही. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत गेल्यावर, जिथे जमिनीचा वाटा नगण्य होतो, तिथे कृष्णेचं म्हणावं असं काही आम्हाला सापडलं नाही. आमच्या गणिताने हे आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं: तीस ठिपक्यांवर पसरलेली कोयना ०.२ वर येते.

मग दिसतं काय

मुलं इतकी हिरमुसली होती की मी त्यांना तिथेच थांबू दिलं नाही. उपग्रहाला जे खरोखर दिसतं ते तरी बघा म्हटलं. आणि ते पाहून मात्र सगळे सरसावून बसले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचे नकाशे लावले की बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकापासून, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखापासून, गोड्या पाण्याचा पट्टा भारताच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरताना दिसतो. ओडिशा, आंध्र, तमिळनाडू. मान्सून सरल्यावर किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि हे पाणी सोबत घेऊन जातो. रुंदी शंभर किलोमीटरच्या घरातली, म्हणजे उपग्रहाच्या दोन-तीन ठिपक्यांत मावणारी. या पट्ट्याला संशोधकांनी 'समुद्रातली नदी' म्हटलं. पण २०१४ साली छापलेला हा शोध उपग्रहाने लावलेला नाही. तो लागला मच्छीमारांमुळे. किनाऱ्यावरच्या ठरलेल्या गावांतले मच्छीमार नियमाने समुद्रात जाऊन पाणी भरून आणायचे, त्या बाटल्यांच्या मोजमापांतून ही नदी दिसली. उपग्रहाचा नकाशा किनाऱ्यालगत जिथे पांढरा पडतो, नेमक्या तिथल्याच बाटल्या. वाळव्याच्या मुलीला हे ऐकून केवढा आनंद झाला, ते शब्दांत सांगता यायचं नाही.

हे गोडं पाणी नुसतं नकाशाची शोभा नाही. गोडं म्हणून हलकं, हलकं म्हणून वर तरंगतं, आणि खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. मिसळणारा थर त्यामुळे पातळ राहतो आणि वादळाने समुद्र ढवळला तरी खालचं थंड पाणी सहजी वर येत नाही. पृष्ठभाग गरम राहतो आणि चक्रीवादळाला इंधन मिळत राहतं. बंगालचा उपसागर इतका उबदार का, याच्या उत्तरात नद्यांचा मोठा वाटा आहे. हा पट्टा दरवर्षी सारखाच खाली पोचतो असंही नाही. हिंदी महासागराची द्विध्रुवी स्थिती, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा झोका, धन असते (पश्चिम नेहमीपेक्षा गरम, पूर्व थंड), तेव्हा त्याचा दक्षिणेकडचा प्रवास रोडावतो; ऋण असते तेव्हा जोर धरतो. २०१९ चं वर्ष फार तीव्र धन स्थितीचं होतं, २०१६ चं ऋण. मुलांनी दोन्ही वर्षांचे नोव्हेंबर शेजारी लावले आणि हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आणि हे पडताळता येतं, हे महत्त्वाचं. खोल समुद्रात आर्गो नावाची तरंगती यंत्रं आहेत, जगभरात मिळून चार हजारांच्या आसपास. ती साधारण एक किलोमीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल जाऊन तिथून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात, आणि वर आल्यावर उपग्रहाला कळवतात. भारताची यंत्रं हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्रामार्फत सोडली जातात. मुलांनी आर्गोच्या नोंदी उपग्रहाच्या जवळच्या चौकोनांशी जुळवल्या. बहुतेक जागी छान जुळलं. काही जागी फाटलं, आणि तिथे मला मुलांना थांबवून सांगावं लागलं की प्रत्येक फाटणं म्हणजे चूक नव्हे. उपग्रह पाण्याचा वरचा एक सेंटिमीटर बघतो. आर्गोचं सर्वांत वरचं मोजमाप बहुधा पाच मीटर खालचं असतं. नुकताच पाऊस पडून गेला असेल आणि वारा मंद असेल, तर वर गोड्या पाण्याची पातळ साय धरते. दोघेही खरं बोलत असतात, पाण्याच्या दोन वेगळ्या थरांबद्दल.

हवामानबदलाच्या दृष्टीनेही हेच ध्यानात ठेवावं लागतं. जिथे बाष्पीभवन जास्त ते समुद्र आणखी खारे होत चाललेत आणि जिथे पाऊस जास्त ते आणखी गोडे, हे १९५० ते २००० या काळातल्या जहाजांच्या आणि इतर प्रत्यक्ष नोंदींवरून पॉल ड्युराक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्या काळात जगाचं जलचक्र सुमारे ४ टक्क्यांनी तीव्र झालं, असा त्यांचा हिशोब. पृथ्वीवरचा बहुतेक पाऊस समुद्रावरच पडतो आणि तिथे पर्जन्यमापक लावायची सोय नाही. क्षारता हाच समुद्राचा पर्जन्यमापक. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्या २०१० च्या सुमारास, आणि त्यांचा काटा हळूहळू सरकतो म्हणून तो प्रत्यक्ष मोजमापांच्या जागतिक सरासरीशी वेळोवेळी जुळवून घेतात. त्यामुळे साऱ्या जगाच्या समुद्राची सरासरी क्षारता किती बदलली, हे उपग्रह स्वतःहून सांगू शकत नाही. कुठे गोडं झालं, कुठे खारं, किती वेगाने सरकलं, ही नक्षी तो जितकी सांगतो तितकी मात्र दुसरं कुणी सांगू शकत नाही.

युरोपची सीआयएमआर नावाची पुढची मोहीम तयार होते आहे. तिच्यातही एल-बँड आहे, ॲंटेना स्मॅपपेक्षा मोठा आहे. पण या बँडमधला तिचा ठिपकाही पन्नास-साठ किलोमीटरच्या घरातलाच. म्हणजे कृष्णेच्या मुखाजवळचं पाणी तिलाही सुटं दिसणार नाही. ते बघायचं असेल तर पूर येईल त्या आठवड्यात हंसलदीवीच्या पुढे होडी घालून बाटल्या भराव्या लागतील.

प्रकल्पाचं नाव मुलांनी आधी 'कृष्णेच्या महापुराचा समुद्रातील माग' असं ठेवलं होतं. ते बदललं: 'कृष्णेचा महापूर उपग्रहाला सुटा का दिसत नाही'. निष्कर्षाचं पहिलं वाक्य गावभागातल्या मुलाने स्वतः लिहिलं, की ऑगस्ट २०१९ मध्ये मुखाजवळचं पाणी किती गोडं झालं हे या नोंदींवरून सांगता येत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोस्टरवरचा ऑगस्टचा निळा डाग पाहून विचारलं, "पण हे तर स्पष्ट दिसतंय, हे पुराचंच पाणी ना?"

"सर, त्याच्या शेजारचा नकाशा बघा," तो म्हणाला. "तो एप्रिल २०१६ चा आहे. तेव्हा आमच्या नदीचं पाणी मिरजेहून आगगाडीने लातूरला जात होतं."